सीझनच्या मधेच नियम बदलणं फेअर आहे का? रेसिंगवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सीझनला एक टीम पुढे निघून गेली की हाच वाद नव्याने सुरू होतो आणि तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून एकदाच सगळं एका ठिकाणी लिहून टाकतोय. बहुतेक उदाहरणं फॉर्म्युला वनची आहेत कारण भांडणं तिथेच सगळ्यात जास्त होतात, पण शेवटी शेवटी बाकी सिरीजपण घेतल्यात.

नियम तर सीझनच्या आधीच ठरलेले असतात ना, मग मधेच बदलतात कसे?

ठरलेले असतात, पण दारं उघडी ठेवलेली असतात. फॉर्म्युला वनमध्ये अशी तीन दारं आहेत. पहिलं सेफ्टीचं. तिथे एफआयएला (नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला) कुणाच्या परवानगीची गरज नसते, आज ठरवलं की पुढच्या रेसपासून लागू. दुसरं मतदानाचं. २०२१ च्या करारात नियमांवर मतदान करणाऱ्या कमिशनची ३० मतं होती, १० टीम्सचं प्रत्येकी एक, एफआयएची १० आणि फॉर्म्युला वन कंपनीची १०, आणि पुढच्या वर्षीचा नियम बदलायला २५ मतं पुरायची पण चालू सीझनमधला बदलायचा तर २८ लागायची, म्हणजे तीन टीम्स अडून बसल्या की विषय संपला. तिसरं दार म्हणजे टेक्निकल डायरेक्टिव्ह, आणि खरी मारामारी तिथे असते.

टेक्निकल डायरेक्टिव्ह म्हणजे नियमबदलच ना शेवटी?

कागदावर नाही. ते एफआयएच्या टेक्निकल खात्याचं मत असतं, "हा नियम आम्ही असा वाचतो आणि अमुक रेसपासून असाच तपासणार" एवढंच. शेवटचा शब्द रेसच्या स्टुअर्ड्सचा, म्हणजे पंचांचा, आणि त्यांच्याही वर अपील कोर्ट. पण व्यवहारात कुठली टीम म्हणेल की आम्ही नाही ऐकत, बघू कोर्टात काय होतं ते? रविवारी जिंकलेले पॉईंट्स तीन आठवड्यांनी कोर्टात घालवायची हौस कुणालाच नसते, त्यामुळे डायरेक्टिव्ह आलं की सगळे मुकाट पार्ट काढून ठेवतात. माझ्या मते अनफेअरपणाची सुरुवात इथे होते. नियमाचं एक अक्षर बदललेलं नसतं, मत द्यायची वेळ कुणावर आलेली नसते, आणि काल लीगल असलेली गाडी आज इलीगल झालेली असते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण कुठलं?

२००६ चा रेनॉचा मास डॅम्पर. हे जरा सविस्तर सांगतो कारण अर्ध्या लोकांना तो पार्ट नेमका काय होता तेच माहीत नसतं.

गाडीच्या नाकाच्या आत एक वजन स्प्रिंगांवर बसवलेलं होतं. गाडी कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेली की नाक वर-खाली उसळतं, आणि ते वजन बरोब्बर उलट्या तालात हलून ती उसळी मारून टाकायचं. परिणाम असा की पुढचे टायर रस्त्याला चिकटून राहायचे आणि फ्रंट विंगची जमिनीपासूनची उंची फारशी हलायची नाही. साधी कल्पना, आणि रेनॉ २००५ च्या शेवटापासून ती वापरत होती, एफआयएला दिसत होती, कुणी काही बोललं नव्हतं. मग २००६ च्या जुलैमध्ये अचानक ठरलं की हा हलणारा एरोडायनॅमिक पार्ट आहे. बंद नाकाच्या आतला, ज्याला वारा लागतसुद्धा नाही असा पार्ट एरोडायनॅमिक! मुद्दा असा मांडला गेला की त्याच्या हलण्याने गाडीच्या एरोवर परिणाम होतो. हे सूत्र लावलं तर सस्पेन्शनपण एरोडायनॅमिकच म्हणायला हवं, असो.

पुढची गंमत म्हणजे हॉकेनहाइमला स्टुअर्ड्सनी तो पार्ट चालेल म्हणून सांगितलं, आणि एफआयएने स्वतःच्याच स्टुअर्ड्सच्या निर्णयाविरुद्ध अपील केलं. ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने एफआयएच्या बाजूने निकाल दिला. रेनॉच्या अलोन्सोने पहिल्या ९ पैकी ६ रेसेस जिंकल्या होत्या, त्यानंतर अख्ख्या सीझनमध्ये फक्त जपान.

म्हणजे बंदीमुळेच रेनॉ ढेपाळली?

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं थांबवावं लागतं, कारण मीपण तेव्हा अलोन्सोवाला होतो आणि वर्षानुवर्षं हेच सांगत फिरलो. अमेरिका आणि फ्रान्स या दोन रेसेस फरारीच्या शूमाखरने बंदीच्या आधीच जिंकल्या होत्या, म्हणजे वारं आधीच फिरायला लागलं होतं, टायरची लढाई फरारीच्या ब्रिजस्टोनकडे झुकत होती. बंदीने भर घातली हे नक्की, पण सगळं खापर तिच्यावर फोडता येत नाही. आणि शेवटी टायटल अलोन्सोनेच घेतलं, १३४ विरुद्ध १२१.

सेफ्टीसाठी बदल केला तर मग काहीच तक्रार नसावी?

तत्त्वाला तक्रार नाही. घाईला आहे.

१९९४ घ्या. इमोलाला शनिवारी ३० एप्रिलला ड्रायव्हर रोलांड रात्झेनबर्गर अपघातात गेला, दुसऱ्या दिवशी १ मे रोजी आयर्टन सेना गेला, आणि पुढच्याच रेसला मोनॅकोत वेंडलिंगर कोमात. अशा वेळी "सीझन संपल्यावर बघू" म्हणणं शक्यच नव्हतं आणि एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्लींनी ते म्हटलंही नाही. २९ मेच्या बार्सिलोनाच्या रेसपर्यंत डिफ्युझर (गाडीखालची हवा मागे बाहेर काढणारा भाग) छोटे, फ्रंट विंगच्या बाजूच्या पट्ट्या बदललेल्या. चार आठवड्यांत गाडीच्या हवेचं गणित नवीन. मधल्या काळात सिल्वरस्टोनच्या टेस्टिंगमध्ये लोटसची रिअर विंग निखळली आणि पेद्रो लामी गंभीर जखमी झाला. टीम्सचं म्हणणं हेच होतं की घाईत कापाकापी केलेली गाडी जुन्या गाडीपेक्षा सेफ कशावरून, आणि बार्सिलोनाला शुक्रवारी बऱ्याच टीम्स निषेध म्हणून ट्रॅकवर उतरल्याच नाहीत.

पण त्याच वर्षी जर्मनीपासून आलेली तळाची फळी बघा. गाडीखाली १० मिमी जाडीची लाकडी फळी, रेसनंतर ती ९ मिमीपेक्षा कमी भरली की डिस्क्वालिफाय. म्हणजे गाडी जमिनीला घासत चालवायचा मोहच संपला. बेल्जियमच्या स्पाला शूमाखर रेस जिंकला आणि फळी झिजलेली निघाली म्हणून बाहेर गेला, तो म्हणत राहिला की कर्बवरून स्पिन झालो तेव्हा घासली, कुणी ऐकलं नाही, विजय डेमन हिलला. ते टायटल एका पॉईंटने ठरलं, ९२-९१, शूमाखरच्याच बाजूने. आणि मधेच घुसवलेली ही फळी आजपण आहे, २०२३ ला ऑस्टिनमध्ये हॅमिल्टन आणि लक्लेअर तिच्यापायीच डिस्क्वालिफाय झाले, २०२५ ला लास वेगासला मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या. तेव्हा मधेच आलेला नियम वाईटच असतो हे काही खरं नाही.

मधेच केलेल्या बदलात खरं नुकसान कुणाचं होतं?

माझा अनुभव असा की ज्याच्यावर नेम धरलेला असतो तो बरेचदा वाचतो आणि शेजारी उभा असलेला मरतो. मोठ्या टीमकडे माणसं असतात, पर्याय आधीच तयार असतो. छोटी टीम वर्षभराचा जीव एका कल्पनेत घालून बसलेली असते.

२०१३ ला हेच झालं. पिरेलीचे टायर लवकर झिजायचे, रेड बुल आणि मर्सिडीज कुरकुरत होत्या, पिरेलीलापण बदलायचे होते, पण लोटस, फरारी आणि फोर्स इंडियाने विरोध केला. बरोबरच होतं त्यांचं, त्यांनी गाडी त्या टायरला सांभाळणारी बनवली होती, सगळ्यांना तेच टायर मिळाले होते, मग ज्याने अभ्यास केला त्याने का सोडायचं? पण ३० जूनला सिल्वरस्टोनला टायर अक्षरशः फुटायला लागले. पुढे असलेल्या हॅमिल्टनचा, मग मासाचा, मग व्हेर्नचा, नंतर पेरेझचा. ताशी तीनशेच्या आसपास जाताना मागचा टायर फाटून त्याच्या चिंध्या मागून येणाऱ्या गाड्यांवर उडतायत हे ज्याने लाइव्ह बघितलंय तो सेफ्टीबद्दल वाद घालणार नाही. आता एकमताची गरजच उरली नाही, सेफ्टीचं दार उघडलं. आठवड्यात मागच्या टायरमध्ये स्टीलच्या जागी केव्हलारचा पट्टा, आणि हंगेरीपासून २०१२ च्या बांधणीचे टायर.

त्यानंतर बेल्जियमपासून रेड बुलच्या वेट्टलने सलग ९ रेसेस जिंकल्या. आणि फोर्स इंडिया, जी तोपर्यंत मॅक्लारेनच्या पुढे होती, ती दुसऱ्या अर्ध्यात इतकी मागे पडली की मॅक्लारेनने पाचवा नंबर आरामात घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे चोर कुणीच नव्हता. निर्णय चुकीचा होता का? नाही, फुटणाऱ्या टायरवर कुणाला पळवणार. फेअर होता का? फोर्स इंडियाला विचारा.

मग बरोबर पण अनफेअर, असं असू शकतं?

हो की. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांचा काला करतात, अर्धे वाद त्यामुळेच होतात.

फक्त टेस्ट कडक केली, नियम तोच ठेवला, तर ते चालतं का?

विंगच्या बाबतीत मला चालतं, कारण तिथे नियम आधीपासून सांगतो की विंग हलता कामा नये. अजिबात न वाकणारी वस्तू जगात नाही म्हणून टेस्ट ठेवली, अमुक वजन टांगा आणि अमुक मिलिमीटरपेक्षा जास्त वाकली नाही तर पास. मग इंजिनिअर काय करतो, टेस्ट जिथे वजन टांगते तिथे कडक आणि ट्रॅकवर हवा जिथे दाबते तिथे लवचिक अशी विंग बनवतो. हुशारी मान्य, पण आपण पळवाटेवर घर बांधलंय हे त्यालापण माहीत असतं.

२०२५ ला त्यातल्या त्यात नीट केलं. जानेवारीतच सांगून टाकलं की स्पेनच्या रेसपासून, म्हणजे १ जूनपासून, फ्रंट विंगवर १०० किलोच्या लोडला १५ मिमीऐवजी १० मिमीच वाकलेलं चालेल. चार महिन्यांची नोटीस. अख्खं इंटरनेट म्हणत होतं की आता मॅक्लारेन संपली, आणि त्या स्पेनच्या रेसला मॅक्लारेन पहिली-दुसरी आली. २०२० ला मॉन्झापासून क्वालिफायिंगचा (रेसची सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीचा) खास इंजिन मोड बंद केला तेव्हाही असंच, मर्सिडीजला चाप म्हणून आणला आणि त्याच मॉन्झाला मर्सिडीजच्याच हॅमिल्टनने तोपर्यंतचा फॉर्म्युला वनमधला सगळ्यात वेगवान लॅप मारून पोल, म्हणजे पहिली जागा, घेतली.

२०२२ ला फरारीचं टायटल डायरेक्टिव्हने घालवलं हे खरं का?

टीडी ३९, म्हणजे टेक्निकल डायरेक्टिव्ह ३९. गाड्या सरळ रस्त्यावर उड्या मारत होत्या, ड्रायव्हरच्या पाठी जात होत्या, म्हणून उसळीला मर्यादा आणि गाडीचा तळ किती वाकतो यावर लक्ष, बेल्जियमपासून लागू. फरारीने त्या आधी सिल्वरस्टोन आणि ऑस्ट्रिया लागोपाठ जिंकल्या होत्या, बेल्जियमनंतर त्या वर्षी एकही नाही. स्पाला रेड बुलचा वेरस्टापेन १४ व्या जागेवरून निघून आरामात जिंकला. तारखा बघितल्या तर पुरावा एकदम पक्का वाटतो.

पण फ्रान्सला फरारीचा लक्लेअर पुढे असताना स्वतः भिंतीत गेला आणि हंगेरीला टीमने त्याला चुकीचे हार्ड टायर दिले, ते काही डायरेक्टिव्हने केलं नव्हतं. टायटल तोपर्यंत जवळपास हातातून गेलं होतं. ड्रायव्हरच्या पाठीचा मुद्दा खरा होता, पण जी टीम फारशा उड्या मारत नव्हती तिनेसुद्धा तळ का बदलायचा, हा प्रश्नपण खराच होता.

मग सीझनच्या मधल्या बदलाने टायटल फिरलं असं एकदाही झालं नाही?

सगळ्यात जवळ जातं ते २००३. हंगेरीनंतर पॉईंट्स शूमाखर ७२, मोंटोया ७१, राइकोनेन ७० (हे दोघे मिशेलिनच्या टायरवर), तीन रेसेस बाकी. नियम होता की पुढचा टायर २७० मिमीपेक्षा रुंद नको, आणि मोजायचे कधी? नवीन असताना. फरारी-ब्रिजस्टोनच्या गोटाने बोट दाखवलं की मिशेलिनचा टायर रेसमध्ये झिजल्यावर जास्त रुंद टेकतो, आणि एफआयए म्हणाली की आता रेसनंतरपण मोजणार. मिशेलिनने मॉन्झापर्यंत टायर बदलले. मॉन्झा शूमाखर, इंडियानापोलिस शूमाखर, टायटल ९३-९१ ने शूमाखर.

जुन्या टायरवर मोंटोया जिंकलाच असता का ते कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. माझा आक्षेप वेगळाय. मोजायची पट्टी तीच, आकडा तोच, पण मोजायची वेळ बदलली, तीही टायटलच्या तीन रेसेस आधी आणि प्रतिस्पर्ध्याच्या तक्रारीवरून. टायर तेव्हाही तेवढाच रुंद टेकत असणार जेव्हा कुणाची तक्रार नव्हती. तक्रार कुणी केली आणि कधी केली हे मी आधी बघतो, बाकी टेक्निकल चर्चा नंतर.

नियम मधे न बदलल्यामुळे घोळ झालाय असं आहे का?

२००५, इंडियानापोलिस. मिशेलिनचे टायर त्या बँकिंगच्या वळणावर टिकणार नाहीत हे शनिवारपर्यंत कळलं होतं. वळणाच्या आधी शिकेन (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) टाका अशी मागणी झाली, एफआयए म्हणाली ब्रिजस्टोनवाल्यांनी नीट टायर आणलेत त्यांना शिक्षा का? तर्काला तोड नव्हती. निकाल काय, तर स्टार्टच्या आधीच्या फॉर्मेशन लॅपनंतर १४ गाड्या पिटमध्ये आणि ६ गाड्यांची रेस. तत्त्वाने शंभर टक्के बरोबर, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला शून्य. मी स्वतः आजही एफआयएच्याच बाजूने आहे यात, पण हे सांगताना आवाज जरा खाली जातो.

चुकलेला नियम मधेच मागे घेतला तर?

घ्यावाच. २०१६ ची ती एलिमिनेशनवाली क्वालिफायिंग आठवते का, दर ९० सेकंदांनी एक जण बाहेर? मेलबर्नला वेळ शिल्लक होता आणि ट्रॅकवर गाडीच नव्हती, सगळे आपापल्या गॅरेजमध्ये. तरी बहरिनला परत तेच, चीनपासून जुनी पद्धत. सगळ्यांना सारखाच त्रास होता त्यामुळे कुणी अन्याय म्हटलं नाही. २०११ ला मात्र हसं झालं. पेडल सोडल्यावरही एग्झॉस्ट डिफ्युझरवर फुंकत ठेवायची ट्रिक सिल्वरस्टोनला आवळली, त्या एका रेसला अलोन्सो जिंकला, त्या वर्षीचा त्याचा एकमेव विजय, आणि पुढच्या रेसपासून परत जैसे थे. एका रेसपुरता नियम!

बजेट कॅपमुळे हा प्रश्न वाढलाय का?

वाढलाय. आधी मधेच बदल आला तर श्रीमंत टीम पैसे ओतायची. आता खर्चाला मर्यादा आहे, त्यामुळे नवीन विंग बनवायची म्हणजे दुसरं काहीतरी रद्द करायचं. २०२२ ला तर कॅपच मधेच बदलली, महागाईमुळे जुलैमध्ये ३.१ टक्के वाढवून दिली. ज्यांनी सुरुवातीपासून हात आखडून खर्च केला त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं असेल.

बाकी सिरीजमध्ये काय चालतं?

एन्ड्युरन्समध्ये (तासन्‌तास चालणाऱ्या रेसेसमध्ये) बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स असतं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बरोबरीत ठेवायची पद्धत, तिथे गाड्यांची वजनं बदलत राहणं हाच खेळाचा भाग, त्यात काही वावगं नाही. पण २०२३ ला सांगून ठेवलं होतं की ल माँच्या २४ तासांच्या रेसआधी कंपन्यांमधला बॅलन्स हलवणार नाही, आणि रेसच्या दीडेक आठवडा आधी हलवला. टोयोटाला ३७ किलो जादा, फरारीला २४, कॅडिलॅकला ११, पोर्शेला ३. फरारी जिंकली, १९६५ नंतर पहिल्यांदा, आणि टोयोटा दुसरी. शब्द देऊन मोडला हे जास्त झोंबतं.

नॅसकारने २०१३ ला रिचमंडच्या रेसमध्ये निकाल फिरवल्याच्या घोळानंतर १२ जणांच्या चेसमध्ये (टायटलच्या शेवटच्या टप्प्यात) जेफ गॉर्डनला तेरावा म्हणून घुसवला, असा प्रकार दुसरीकडे कुठे ऐकला नाही. इंडीकारने मात्र २०२४ च्या जुलैमध्ये मिड-ओहायोपासून हायब्रिड सिस्टिम आणली, अर्धा सीझन बिनहायब्रिड आणि अर्धा हायब्रिड, आणि तरी फार आरडाओरडा नाही, कारण आधीपासून माहीत होतं आणि सगळ्यांना तोच पार्ट.

२०२१ चं टायटल ठरलं त्या अबू धाबीच्या रेसचं काय?

तो नियमबदल नव्हता, असलेला नियम रेस डायरेक्टरने कसा वापरला याचा वाद होता. नियम नंतर बदलला. कृपया इथे सुरू करू नका, दुसरं काही बोलणंच होत नाही मग.

एखादा पार्ट मधेच बंद केला तर त्याने आधी जिंकलेल्या रेसेसचं काय?

त्या राहतात. १९७८ ला ब्रॅबहॅमने गाडीच्या मागे मोठा पंखा बसवला, म्हणायला इंजिन थंड करायला, खरं काम गाडीखालची हवा ओढून गाडी जमिनीला चिकटवायचं. गॉर्डन मरीचं डोकं. स्वीडनला अँडरस्टॉर्पमध्ये लाउडा अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. बाकी टीम्स भडकल्या, ब्रॅबहॅमचे मालक एकलस्टन हेच टीम्सच्या संघटनेचेही पुढारी होते, त्यांना सगळ्यांशी संबंध टिकवायचे होते, त्यांनी गाडी मागे घेतली. एक रेस, एक विजय, आणि तो अजूनही लाउडाच्या नावावर आहे.